मोटार, मराठी आणि मोगलाई

आमच्या घरात एक वाक्य दोन पिढ्या चालत आले आहे. कोणाला एखादी गोष्ट कळली नाही, आणि कळली नाही हे कबूल करण्याचेही धैर्य झाले नाही, म्हणजे घरातले वडील माणूस म्हणते, "याची सुरत झाली!" परके माणूस हे ऐकून गोंधळते. सुरत म्हटली की त्याला शिवाजी महाराजांची स्वारी आठवते. आमच्या घरच्या सुरतेचा त्या सुरतेशी काही संबंध नाही. तिचा संबंध आहे मोटारीच्या लायसनशी, निजामाच्या राज्यकारभाराशी आणि माझ्या आजोबांच्या एका नापास होण्याशी.

ही हकीकत सांगायची तर आधी आमचा मुलूख सांगितला पाहिजे. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बालाघाटाच्या माथ्यावर आमचे लिंबागणेश वसलेले आहे. गणपतीचे ठाणे म्हणून गावाला नाव. पण सरकारदरबारी १९४८ पर्यंत आम्ही मोगलाईतले. मोगल कधीच गेले होते. तरी निजामाच्या मुलखाला आमचे लोक मोगलाईच म्हणत, आणि पलीकडच्या नगर जिल्ह्याला नुसते 'इंग्रजी'. "पोरगी इंग्रजीत दिली" याचा अर्थ ती जामखेडला किंवा नगरकडे दिली, इतकाच. मधे हद्दीचे दगड, करोडगिरीचे नाके. अलीकडे हाली सिक्क्याचा रुपया, पलीकडे कलदार. अलीकडे फसली साल, पलीकडे इसवी. १७९५ साली ज्या खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला नमवले ते खर्डेही जामखेडच्याच बाजूचे. पण लढाई जिंकूनही आमचा डोंगर निजामाकडेच राहिला, आणि त्याच्याबरोबर आम्ही.

हैदराबाद संस्थानात फारसी मागे पडून उर्दू ही कारभाराची भाषा झाली ती १८८४ च्या सुमारास. त्या संस्थानात निम्म्याच्या जवळपास लोक तेलुगू बोलत, पाव हिश्शाहून थोडे अधिक मराठी बोलत, मग कानडी. आणि उर्दू ज्यांची घरची भाषा असे लोक शेकडा दहा-बारांच्या आसपास. तरी दप्तर, न्यायालय, पोलीस, टपाल, सारे उर्दूत. खालच्या वर्गात मुलाला मराठी धुळपाटी मिळे. वर गेला की उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. इंग्रजी सोडून एका देशी भाषेत सर्व विषयांचे उच्च शिक्षण देण्याचा तो फार मोठा प्रयोग होता, आणि त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणा होईल. त्याच्यासाठी भाषांतराचे एक खाते काढले. पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा अशा विषयांची पुस्तके उर्दूत आणली. नव्या वस्तूंना, नव्या कल्पनांना शब्द घडवले. ते बहुतेक अरबी-फारसीतून घडवले. विद्वानांना ते सोपे गेले असतील. बाजारात ते कधी उतरले नाहीत. आमच्या गावचा मुसलमान दखनी बोलत असे, 'काय कू', 'नक्को', 'हौ' म्हणत असे. ती दखनी आणि अर्धी मराठी यांचे नाते सख्ख्या बहिणींचे. कचेरीतली उर्दू ही तिसरीच होती. ती ऐकताना आमच्या गावचा शेख आणि आमच्या गावचा पाटील एकाच ओळीत तोंड वासून उभे राहत. हा मुद्दा मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे पुष्कळांनी या भाषेच्या भांडणाला धर्माचे भांडण ठरवले. दोन्ही बाजूंनी ठरवले.

या मुलखात मोटार आली आणि भाषेच्या प्रश्नाला चार चाके लागली.

मोटार हाकणाऱ्याची परीक्षा घ्यावी ही कल्पना तशी जुनी आहे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ सालीच तसा हुकूम काढला होता. इंग्लंड मात्र याबाबतीत रमतगमत चालले: १९०३ च्या कायद्याने लायसन सुरू झाले, पण ते पैसे भरले की मिळे, परीक्षा सक्तीची झाली ती १ जून १९३५ पासून. म्हणजे बत्तीस वर्षे साहेबाच्या देशात कोणीही उठावे आणि मोटार हाकावी. हिंदुस्थानात इंग्रजी अमलाखालच्या मुलखासाठी १९१४ साली मोटारींचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला, मग १९३९ चा सविस्तर कायदा आला. संस्थानांचे कायदे आपापले.

हैदराबाद संस्थानाने मोटारीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सर्वांच्या आधी केली. जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने स्वतःचे मोटार खाते उघडले: २७ बसगाड्या आणि १६६ माणसे. सरकारी बसवाहतुकीचा इतका आरंभीचा प्रयोग आपल्याकडे दुसरा क्वचितच सापडेल. त्या गाड्यांच्या नंबरात 'झेड' हे अक्षर असे; ते निजामाच्या मातोश्री जोहरा बेगम यांच्या नावावरून घेतले, अशी कथा सांगतात. तेलंगणातल्या सरकारी बसगाड्यांवर ते अक्षर पुढेही चालत आले. पण आमच्या डोंगरात ही सरकारी ऐट उशिरा पोचली. आमच्याकडे धावत त्या खाजगी सर्व्हिस मोटारी. सकाळी निघाली तर दुपारी पोचेल, नाही पोचली तर रात्री रस्त्यात भाकरी खावी लागेल, अशा बेताच्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या गाड्या आल्या. मागे भट्टी, पुढे वस्ताद, आणि दोघांच्या मधे धुरात बसलेले उतारू. चढावर गाडी दमली की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. भाडे मात्र पूर्ण.

माझे आजोबा अशाच एका सर्व्हिस मोटारीवर किन्नर होते. क्लीनर या इंग्रजी शब्दाचे आमच्याकडचे हे रूप. पहाटे उठून हँडल मारावे, पाणी भरावे, टपावर ओझी चढवावी, घाटात दगड घेऊन मागच्या चाकाशी उभे राहावे, ही त्यांची कामे. गाडीचा वस्ताद गावचाच एक मुसलमान गृहस्थ होता. त्याने चार वर्षांत या पोराला गाडी शिकवली. तीही कशी, तर रात्री, रिकाम्या गाडीवर, मालक झोपल्यावर. वस्तादाचे शिकवणे शब्दांचे नव्हते. गियर चुकला की मनगटावर चापट. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसले की मांडीवर चापट. आजोबा म्हणत, "माझं सगळं शिक्षण अंगावर लिहिलेलं आहे." बालाघाटाचे एकेक वळण त्यांना पाठ होते; कुठल्या वळणाला बैलगाड्या समोरून येतात, कुठे पावसात माती सरकते, कुठे बाभळीआडून शेळ्या आडव्या येतात, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई.

मग १९४० च्या आगेमागे केव्हातरी ते लायसनसाठी परीक्षेला गेले. कचेरी कोणती, अंमलदार कोण, हे आजोबांनी कधी सांगितले नाही आणि मलाही शोधायचे नाही. माणूस वाईट नव्हता, असेही ते आवर्जून म्हणत. गाडी चालवून दाखवली ती उत्तम झाली. मागे घेतली, वळवली, चढावर थांबवून पुन्हा उठवली. साहेबाच्या बुटावर धूळसुद्धा उडाली नाही. मग खाली उतरवून तोंडी सवाल सुरू झाले. पहिले दोन-तीन दखनीच्या आधाराने निभले. मग साहेब म्हणाले, "तसादुम की सूरत में क्या करोगे?"

तसादुम म्हणजे टक्कर. सूरत म्हणजे परिस्थिती. टक्कर झाली तर काय करशील, एवढाच सवाल होता. आणि त्याचे उत्तर त्या पोराला साहेबापेक्षा चांगले माहीत होते, कारण घाटात उलटलेल्या गाडीतून माणसे त्याने आपल्या हातांनी काढलेली होती. पण 'तसादुम' हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. वाक्यातला ओळखीचा असा एकच शब्द त्याच्या कानाला लागला. त्याने हात जोडून सांगितले, "हुजूर, सुरतेला मी कधी गेलो नाही. पण रस्ता कळला तर गाडी नेईन."

कचेरीतले पेशकार वगैरे पोट धरून हसले. लायसन मिळाले नाही.

या गोष्टीला आजोबांनी वर्षानुवर्षे किती तिखटमीठ लावले असेल ते मला माहीत आहे. मी कादंबऱ्या लिहितो, हा रोग घरचाच आहे. पण गोष्टीचा जो शेवट ते सांगत, तो मला कोणत्याही बनावट गोष्टीत सुचला नसता. परत आल्यावर त्यांनी वस्तादाला विचारले, "चाचा, तसादुम म्हंजे काय?" वस्ताद बराच वेळ बिडी ओढत राहिला आणि म्हणाला, "मोटर का कोई पुर्जा होइंगा रे. अपने गाडी कू नै है."

वस्तादाला लायसन कसे मिळाले होते, हे त्याने सांगितले नाही. आजोबांनी विचारलेही नाही.

पुढे आजोबा हद्द ओलांडून इंग्रजीत गेले. जामखेडला त्यांचे मामा होते. तिकडे पुन्हा परीक्षा दिली. तिथे सवाल आला तो असा: "समोरून बैलगाडी आली आणि बैल बुजले तर काय कराल?" आजोबा म्हणाले, "गाडी बंद करीन, खाली उतरेन आणि बैलाच्या तोंडाशी जाऊन उभा राहीन." साहेबांनी मान डोलावली. माणूस तोच, हात तेच, घाटही तोच. मधे फक्त हद्दीचा एक दगड होता. ते इंग्रजीतच नोकरीला राहिले. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, तेव्हा ते त्याच बाजूला होते. सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, पाच दिवसांत निजामाचे राज्य संपले, आणि आजोबा गावी परत आले. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९६१ साली मराठवाड्याची वाहतूकही राज्याच्या एका महामंडळात मिळाली. १९६४ साली राजभाषेचा अधिनियम झाला आणि मराठी कारभाराची भाषा ठरली. आजोबांच्या दृष्टीने या साऱ्या घडामोडींचा अर्थ एवढाच होता की आता तसादुमला टक्कर म्हणतात.

मी त्यांचे हे म्हणणे कितीतरी वर्षे विजयाची गोष्ट म्हणून सांगत असे. शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी मुलांपुढे सांगायला ती फार सोयीची होती. मुले हसत, टाळ्या वाजवीत. पुढे एक प्रसंग असा आला की ती गोष्ट मला पुन्हा तपासून पाहावी लागली.

सप्टेंबर २०१५ मध्ये महाराष्ट्राचे त्या वेळचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी जाहीर केले की रिक्षाचे नवे परवाने यापुढे मराठी येणाऱ्यांनाच मिळतील. फेब्रुवारी २०१६ मध्ये तसे परिपत्रक निघाले. परवान्यासाठी आलेल्या माणसापुढे मराठी उतारा ठेवावा, त्याला वाचता-बोलता येते का ते पाहावे, असा प्रकार सुरू झाला. आमच्या गावच्या हॉटेलात त्या दिवशी चहा जास्त खपला. "बरं झालं! इथं पोट भरायचं आणि इथली भाषा नको?" असे सगळेच म्हणत होते, आणि खोटे कशाला बोलू, मीही म्हणत होतो. ज्या मुलखाच्या आजोबांना परक्या भाषेने नापास केले, त्या मुलखाच्या नातवाला हे ऐकून गुदगुल्या झाल्या नाहीत तरच नवल.

रात्री घरी आल्यावर मात्र डोळ्यांपुढे एक चित्र येऊ लागले. ठाण्यातली किंवा मुंबईतली एखादी कचेरी. समोर जौनपूरचा किंवा दरभंग्याचा एक माणूस, हातात मराठीचे पुस्तक. त्याला पंधरा वर्षांत उपनगरातल्या गल्ल्या पाठ झालेल्या. कुठे पाणी तुंबते, कुठे शाळा सुटते, हे तो डोळे मिटून सांगेल. त्याला 'सावकाश' हा शब्द कळतो, 'पुढे घ्या' कळते, 'इथं थांबवा' कळते. आणि उताऱ्यात एखादा असा शब्द येतो जो आमच्या शाळेच्या पुस्तकाबाहेर कोणी उच्चारीत नाही. तो हात जोडून काहीतरी भलतेच सांगतो, आणि टेबलाभोवतीचे लोक पोट धरून हसतात. त्या हसणाऱ्यांत मी होतो. चित्रात मला माझा चेहरा अगदी स्पष्ट दिसला.

रिक्षावाल्यांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ती अट बेकायदेशीर ठरवून रद्द केली. रिक्षाच्या परवान्याला अशी अट परिपत्रकाच्या जोरावर घालता येणार नाही, असा तो निकाल होता. हॉटेलात चहा पुन्हा जास्त खपला. या वेळी रागाने.

आता माझे मत विचाराल तर ते दोन्ही बाजूंना न आवडणारे आहे. उतारूंची वाहतूक करणाऱ्या माणसाला उतारूची भाषा बोलता आली पाहिजे, हे मला रास्त वाटते. म्हातारी बाई रिक्षात बसून "बाळा, दवाखान्याकडं घे, लई दुखतंय" म्हणाली तर बाळाला ते कळले पाहिजे. तिथे भाषा हा गाडीचाच एक भाग आहे, भोंग्यासारखा. पण वाचून दाखव, उतारा म्हण, ही परीक्षा त्या म्हातारीच्या उपयोगाची नाही. ती घेणाऱ्याच्या समाधानाची आहे. अशी परीक्षा घेणारा माणूस उर्दूत बोलतो की मराठीत, याने तिचा जातिधर्म बदलत नाही. हे लिहिताना मला आनंद होत नाही, कारण माझे पोटच मराठी शिकवण्यावर आहे.

ही कुस्ती काही आमच्याच आखाड्यात चालते असे नाही. अमेरिकेतल्या आलाबामा राज्यात पूर्वी मोटारीची लेखी परीक्षा चौदा परक्या भाषांत देता येई. १९९० साली त्या राज्याने घटनेत दुरुस्ती करून इंग्रजी ही राज्यभाषा ठरवली आणि मग परीक्षा केवळ इंग्रजीत घेण्याचे ठरले. मार्था सँडोव्हाल नावाच्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाईने त्याविरुद्ध दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ती जिंकली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी हरली. हरली तीही भाषेच्या प्रश्नावर नव्हे. कायद्याने या कारणासाठी खाजगी माणसाला असा दावा लावताच येत नाही, या मुद्द्यावर. गंमत अशी की पुढे त्या राज्याने परक्या भाषांतल्या परीक्षा आपणहून पुन्हा सुरू केल्या.

इंग्लंडने उलट वाट धरली. तिथे लेखी परीक्षेच्या वेळी कानाला यंत्र लावून एकोणीस परक्या भाषांत सवाल ऐकायची सोय होती. प्रत्यक्ष गाडी चालवताना दुभाषी बरोबर नेता येई. ७ एप्रिल २०१४ पासून हे सगळे बंद झाले. कारणे दोन सांगितली: रस्त्यावरच्या पाट्या वाचता न येणाऱ्याने धोका होतो, आणि दुभाषी हळूच उत्तरे सांगतात. दुसऱ्या कारणावर मला विश्वास ठेवायला जड गेले नाही. परीक्षेच्या खोलीत पाणी द्यायला येणारा शिपाई काय काय देऊन जातो ते आम्हा मास्तरांना ठाऊक असते. त्या एकोणीस भाषांत गुजराती होती, हिंदी होती, पंजाबी, उर्दू, बंगाली, तमीळ होती. मराठी नव्हती. म्हणजे ती सोय चालू होती तेव्हाही आमच्या माणसाचे तिथे काही अडले नव्हते, आणि बंद झाली तेव्हाही काही गेले नाही. याचा अभिमान धरावा की खंत, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

आणि आपल्याच देशातला आणखी एक प्रकार. भाडोत्री किंवा मालाची गाडी चालवणारा निदान आठवी पास असावा अशी अट केंद्राच्या नियमांत होती. २०१९ साली राजस्थानच्या उच्च न्यायालयापुढे एक माणूस आला. त्याच्याकडे हलक्या गाडीचे लायसन तेरा वर्षे होते, त्याला मोठ्या गाडीचे हवे होते, आणि त्याला लिहितावाचता येत नव्हते. निरक्षर चालक म्हणजे पादचाऱ्यांना धोका, असे न्यायालय म्हणाले. मोठ्या गाडीचे लायसन राहिले बाजूला, हातातले लहान गाडीचेही परत घ्या, असे सांगितले. आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने आठवीची अट नियमांतून काढूनच टाकली. हरियाणातल्या मेवात भागात पिढ्यान्‌पिढ्या गाड्या हाकणारी पण न शिकलेली शेकडो कुटुंबे आहेत, त्यांची उपजीविका जाते, हे एक कारण होते. एका वर्षात एकाच देशाने एकाच माणसाला दोन उत्तरे दिली.

मग खरोखर रस्त्याला कोणती भाषा कळते? याचे उत्तर इतिहासात एके ठिकाणी फार सुंदर दिलेले आहे. मोटारी आल्यानंतर थोड्याच वर्षांत युरोपातले हौशी लोक एका देशातून दुसऱ्या देशात गाड्या नेऊ लागले. फ्रेंच माणूस जर्मनीत शिरला की पाटी वाचता येईना. जर्मन इटलीत शिरला की तीच गत. तेव्हा ऑक्टोबर १९०९ मध्ये पॅरिसला अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी चार चिन्हे ठरवली: पुढे उंचवटा आहे, वळण आहे, रस्ता रस्त्याला छेदतो आहे, रेल्वेचे फाटक आहे. चार चित्रे, अक्षर एकही नाही. १९२६ च्या परिषदेने धोक्याला त्रिकोण दिला, १९६८ च्या व्हिएन्नाच्या कराराने साऱ्या खुणा एका सूत्रात आणल्या. त्या १९०९ च्या खोलीत आपसांत पुढे दोन महायुद्धे लढणारी राष्ट्रे बसली होती. भाषेवरून, सीमेवरून, झेंड्यावरून त्यांचे कधी जमले नाही. पण पुढे वळण आहे, एवढ्यावर त्यांचे एकमत झाले.

आपल्या १९८९ च्या नियमांतही शिकाऊ लायसनची जी परीक्षा आहे तीत मुख्य भाग या खुणांचाच आहे. त्याखेरीज अपघात झाल्यास चालकाचे कर्तव्य काय, फाटक नसलेल्या रेल्वेमार्गावरून जाताना काय काळजी घ्यावी, जवळ कोणते कागद बाळगावे, असे सवाल. शेकडा साठ उत्तरे बरोबर आली की माणूस पास. अपघात झाल्यास कर्तव्य काय! वाचकहो, हा तोच आजोबांचा तसादुम आहे. कितीतरी वर्षे झाली, अंमलदार बदलले, राज्ये बदलली, भाषा बदलली, सवाल तोच.

१९८८ च्या कायद्याने एक गोष्ट चांगली केली आहे. एका राज्याचे लायसन साऱ्या देशात चालते. आमच्या बीड जिल्ह्याला हे कलम जीवनदायी आहे. दिवाळी सरली की इथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी थेट कर्नाटकातल्या कारखान्यांवर. त्यांच्याबरोबर ट्रॅक्टर आणि ट्रक घेऊन आमची पोरे जातात. नंबरपाटीवर एम.एच. २३, खिशात बीडचे लायसन, आणि कानडीचा एक शब्द तोंडात नाही. तिथे त्यांना कोणी उतारा वाचायला लावला तर? हॉटेलात मी हे एकदा विचारून पाहिले. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "गुरुजी, तिथली गोष्ट येगळी." कशी वेगळी, ते त्याला सांगता आले नाही; आणि मीही जास्त ताणले नाही, कारण त्याचाच मुलगा तिकडे होता.

गेल्या हंगामात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा रात्री दहाच्या पुढे फोन आला. वर्गात तो मागच्या बाकावर बसत असे. मराठीच्या पेपरात त्याला मी एकदा सहा गुण दिले होते, तेही दयेने. पाठीमागे दोन ट्रॉल्या ऊस, नवखा रस्ता, रहदारी नाही, आणि समोर एक पाटी. त्याने पाटीचा फोटो पाठवला. "गुरुजी, तुम्ही शिकलेले आहात. यावर काय लिवलंय?"

मी चष्मा लावून पाहिले. वळणावळणाची कानडी अक्षरे, दोन ओळी. मला एकही ओळखू येईना. आमच्या घरच्या भाषेत, माझी सुरत झाली. फोटो बोटांनी मोठा करून पाहिला तेव्हा पाटीच्या वरच्या बाजूला, अंधारात अर्धा गेलेला, एक त्रिकोण दिसला.

"अक्षरं मला येत नाहीत रे," मी म्हणालो. "पण वर बघ. उजवीकडं वळण आहे. हळू घे."